माहेरचा रकाना

लग्न होऊन मी सोलापूरहून चेन्नईला आले, त्याला सव्वीस वर्षं झाली. एवढ्या काळात माझं आणि सासूबाईंचं मनापासून एकमत झालं ते एकदाच, आणि तेही एका फॉर्मवरून.

सासरची माणसं तंजावरची मराठी. म्हणजे तीनेकशे वर्षांपूर्वी राजांच्या मागोमाग कारकुनी करायला जे दक्षिणेत उतरले आणि परत जायचं विसरले, त्यांचे वंशज. घरात मराठीच बोलतात, पण शब्द पोथीतले आणि चाल तमिळ. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी मला विचारलं, "कोठें ठेविलीस गे किल्ली?" आणि मला वाटलं, कीर्तन सुरू झालं. त्यांच्या मते माझं मराठी बाजारातलं आहे. मी बाजारातून भाजी आणते तेव्हा मात्र त्यांना ते चालतं.

नवऱ्याचं गिंडीला छोटं वर्कशॉप आहे. स्वभावाने इतका शांत की कधीकधी हलवून बघावंसं वाटतं. आणि आमची लेक चोवीस वर्षांची, सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत. तिची पहिली भाषा तमिळ, दुसरी इंग्रजी आणि उरलीसुरली मराठी. मला अम्मा म्हणते.

गेल्या वर्षी एका सोमवारी ती कंपनीच्या बससाठी कोपऱ्यावर गेली आणि दहा मिनिटांत परत आली. म्हणाली, बस चुकली. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, मला सगळं दिसलं होतं. बस येऊन थांबली, दार उघडलं, ही समोर उभी. बस थोडा वेळ थांबली आणि निघून गेली. मी तिला काही बोलले नाही. पण मंगळवारीही बस चुकली आणि बुधवारी ती कोपऱ्यापर्यंत गेलीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

मी आधी रागावले, मग नवस बोलले, मग सासूबाईंनी मीठमिरची ओवाळून टाकली. तिन्ही उपाय फुकट गेल्यावर नवरा म्हणाला, "डॉक्टरकडे जाऊ या." हे त्याने पहिल्याच दिवशी म्हटलं होतं, पण तो इतक्या हळू बोलतो की आमच्या गलक्यात ऐकूच आलं नव्हतं.

डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं की गुण यायला वेळ लागेल, स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत. परतताना रिक्षात लेकीने बाहेर बघत विचारलं, "अम्मा, आपल्याकडे कुणाला होतं का असं?"

"तुझ्या बाबांकडे असेल," मी म्हणाले. "आमच्याकडे नाही कुणाला."

हे मी जराही न अडखळता म्हणाले. नवऱ्याने समोरच्या आरशातून माझ्याकडे बघितलं.  महिनाभराने लेकीने एक गणित मांडून दाखवलं. आजीला नाही, बाबांना नाही, अम्माला नाही, कुणालाच नाही. म्हणजे हा आजार नाही. हा आपला आळस आहे, आणि आळसावर गोळी चालत नाही. तेव्हा पहिल्या तारखेपासून गोळ्या बंद.

 ती भांडली असती, आदळआपट केली असती, तर मी तिला पुरून उरले असते. पण ती अगदी समजूतदारपणे बोलत होती, आणि त्या समजूतदारपणाची मला भीती वाटली. पहिली तारीख सतरा दिवसांवर होती.

त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे एक तरुण मुलगी भेटली. ती संशोधन करत होती. डिप्रेशन घराण्यातून येतं का, येतं तर किती आणि कुठल्या वाटांनी, हे शोधण्यासाठी त्यांना घरंच्या घरं हवी होती. आजारी माणूस, त्याचे आईबाप, आजीआजोबा, सगळ्यांची माहिती आणि सगळ्यांची थुंकी. थुंकीत माणसाचे जनुक सापडतात म्हणे. मी तिला तिथल्या तिथे पत्ता दिला.

माझ्या उत्साहाची दोन कारणं होती. एक म्हणजे, हे रक्तातून आलंय असं कुणी शिकलेल्या माणसाने सांगितलं, तर लेकीचं आळसाचं खूळ जाईल आणि गोळ्या सुरू राहतील. हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. दुसरं कारण असं, की ते रक्त सासरचं निघणार याबद्दल माझी खात्री होती. सव्वीस वर्षं ज्यांनी माझ्या आमटीत खोट काढली, त्यांच्या वंशात खोट निघतेय तर मी कशाला अडवू? पोर आजारी आणि आई हिशेब चुकते करतेय, हे वाईट आहे. पण होतं तसं होतं.

फॉर्म अकरा पानांचा होता आणि मी तो एका बैठकीत भरला. सासरकडचा ऐवज दांडगा. पहिलं म्हणजे सासूबाई या सासऱ्यांच्या सख्ख्या भाची. इकडे मामाशी लग्न करायची रीत, गोत्र वेगळं म्हणून चालतं. माझं लग्न ठरलं तेव्हा हे ऐकून सोलापुरात आमच्या मावशीने कपाळाला हात लावला होता. मी फॉर्मवर लिहिलं : दोन्हीकडून एकच रक्त. खाली रेघ ओढली.

दुसरा पुरावा म्हणजे चुलत सासरे. हे सासऱ्यांचे धाकटे भाऊ, आता हयात नाहीत. तंजावरच्या घरी ते दोन वर्षं झोपाळ्यावर बसून होते आणि कुणाशी एक अक्षर बोलले नाहीत. घरच्यांनी जाहीर केलं की त्यांना विरक्ती आली आहे. गल्लीतले लोक येऊन त्यांच्या पाया पडायचे. एका बाईने त्यांच्या पायावर बाळ घातल्याचंही मी ऐकलं आहे. मी हे सगळं दीड पान लिहिलं आणि शेवटी माझं निदानही लिहून टाकलं.

मग आला माहेरचा रकाना. मुलीच्या आईकडची माणसं : नावं नकोत, फक्त नाती, वय आणि आजार. मी लिहिलं, "वडील, मधुमेह. बाकी सर्व निरोगी." एक ओळ. पाऊण पान कोरं.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई चष्मा लावून माझ्या खांद्यावरून बघत होत्या. मला वाटलं, आता बोलणार. तर त्या म्हणाल्या, "बरोबर केलेंस. तें कशास पाहिजे? लग्न झालें, गोत्र बदललें. माहेर तेथेंच संपलें."

त्यांचं म्हणणं शास्त्राचं होतं आणि माझं सोयीचं. पण एकमत ते एकमत. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून कॉफी प्यायली.

पहिल्या भेटीला ती संशोधक मुलगी सकाळी दहाला आली. मला आंटी म्हणाली, सासूबाईंना पाटी, म्हणजे आजी. सासूबाई तिला लाडाने कण्णा म्हणाल्या आणि कपाटातून वंशावळ काढून आणली. जाड कागदाची गुंडाळी, जेवणाच्या टेबलावर पसरली तर दोन्ही टोकं खाली लोंबतात. अकरा पिढ्या. मुलगी हरखली. असा कागद तिला कुठल्याच घरी मिळाला नव्हता. मग बराच वेळ बघून तिने विचारलं, "पाटी, यात बायका कुठे आहेत?"

"लेंकी दुसऱ्या घरीं गेल्या," सासूबाई म्हणाल्या.

"आणि सुना?"

"त्या दुसऱ्या घरून आल्या."

तीनशे वर्षं हे घराणं एकट्या पुरुषांनी चालवलं, असं त्या कागदावरून दिसत होतं. मुलीने वहीत स्वतःचा नकाशा काढायला घेतला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल. ज्याला आजार असेल त्याची आकृती काळी भरायची. सासू-सासऱ्यांमध्ये तिने दुहेरी रेघ ओढली, नात्यातलं लग्न म्हणून. मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांना ती रेघ आवडली. त्यांना वाटलं, मानाची आहे.

मग थुंकीच्या नळ्या निघाल्या, आणि खरा प्रसंग उभा राहिला. सासूबाईंच्या राज्यात उष्टं हा सर्वांत मोठा गुन्हा आहे. पाणीसुद्धा भांडं ओठाला न लावता वरून प्यायचं. मी नवी असताना एकदा पेला तोंडाला लावला, तर तो पेला त्यांनी चिंचेने तीनदा घासला होता. अशा बाईला एक परकी मुलगी म्हणत होती, या नळीत रेघेपर्यंत थुंका आणि ती माझ्या पिशवीत द्या.

"अय्यो! उष्टें देऊं? घरीं आलेल्या पाहुणीस?"

नातीच्या औषधासाठी आहे म्हटल्यावर त्या उठल्या. नळी दोन बोटांच्या चिमटीत धरून न्हाणीघरात गेल्या आणि दाराला कडी घातली. वीस मिनिटं. मुलगी चिंतेत पडली, म्हणाली, "पाटींना चक्कर तर नाही आली?" शेवटी कडी निघाली. सासूबाई प्रसन्न चेहऱ्याने बाहेर आल्या आणि नळी मुलीच्या हातात ठेवली. नळी लखलखत होती.

"रेघेपर्यंत भरली होती," त्या म्हणाल्या. "मग उष्टें म्हणून आंतबाहेर स्वच्छ धुतलें."

मी हसून हसून खुर्चीवरून पडायची बाकी होते. आणि आतल्या खोलीतून एक बारीक आवाज आला, नाकातून सोडलेल्या श्वासासारखा. दार अर्धवट उघडं होतं. लेक ऐकत होती. मला तो आवाज हसण्याचा वाटला, पण मी खात्री करायला गेले नाही. दुसरी नळी भरताना मुलगी न्हाणीघराच्या दारात पहाऱ्याला उभी राहिली.

मग तिने एक नळी माझ्यापुढे धरली.

"माझी कशाला?" मी म्हणाले. "तुलनेसाठी हवी असेल तर घे बाई."

"आंटी, मुलीतलं निम्मं तुमच्याकडून आलंय," ती म्हणाली.

हे शाळेत शिकले होते मी. पण घोकलेलं आणि अंगाला लागलेलं, यात फरक असतो. मी नळी भरून दिली.

जाताना मी तिला दारात गाठलं आणि विचारलं की यात तो जनुक सापडला की आम्हाला कधी कळवणार. तिने बॅग खाली ठेवली. बहुतेक सगळेच हा प्रश्न विचारत असावेत, कारण तिने उत्तर सावकाश दिलं. तो असा एकच जनुक नसतो. बारीकसारीक शेकडो फरक, एकेकाचा परिणाम चिमूटभर, आणि त्यावर पुन्हा माणसाचं आयुष्य, ताण, झोप, नशीब. ते हजारो घरांमधून हे फरक वेचत आहेत. एकट्या आमच्या नळीतून आमच्या मुलीबद्दल काहीच सांगता येणार नाही, आणि तसं सांगायची पद्धतही नाही.

म्हणजे काळा मसाला. आमटी झोंबली म्हणून कुठल्या मिरचीला धरणार? मला समजलं, पण माझा विरस झाला. पहिली तारीख नऊ दिवसांवर आली होती आणि ही मुलगी मला एक कागदसुद्धा देणार नव्हती, लेकीच्या नाकासमोर धरायला.

"मग आमचा फायदा काय?" मी जरा फटकळपणेच विचारलं.

"पुढच्या भेटीत सगळ्यांशी बोलायचंय," ती म्हणाली. "कधीकधी घरच्यांना त्यातूनच काही कळतं."

मी मनात म्हटलं, बोलण्यात आम्ही कुणाला हार जाणार आहोत.

दुसरी भेट त्यानंतर पाच दिवसांनी, दुपारी. नवरा वर्कशॉपवर. सासूबाई जमिनीवर बसून वाल सोलत होत्या. लेक आतल्या खोलीत, दार तसंच अर्धवट. मुलीने वही उघडली आणि सुरुवात चुलत सासऱ्यांपासून केली. मी सरसावून बसले.

"ते दोन वर्षं गप्प होते तेव्हा जेवण कसं होतं त्यांचं?" तिने सासूबाईंना विचारलं.

"पोटभर. रात्रीं दूधभात वेगळा."

"झोप?"

"घोरत असत. शेजारचे येऊन सांगत."

"चेहरा? उदास? रडायचे का?"

सासूबाईंनी वाल खाली ठेवला. "अय्यो, उदास कां होतील? रुसले होते ते. नणंदेच्या लग्नांत व्याह्यांनी पहिला नारळ त्यांस दिला नाहीं, दुसऱ्यास दिला. म्हणून बोलले नाहींत. मग दोन वर्षांनी दुसऱ्या लग्नांत पहिला नारळ दिला, तेव्हां बोलले."

"आणि विरक्ती?" मी जवळजवळ ओरडलेच.

"रुसले आहेत म्हणून गांवांत सांगावें?" सासूबाई म्हणाल्या.

माझा दीड पानी पुरावा एका नारळावर फुटला. मुलीने शांतपणे तो चौकोन पांढराच ठेवला. नवऱ्याच्या बाजूचं ती एकेक विचारत गेली, आणि एकेक आकृती पांढरी राहात गेली. एक आत्या जरा शंकेची निघाली, तिच्या गोलात प्रश्नचिन्ह आलं. बाकी ही माणसं हट्टी, मानपानाला हपापलेली, सोवळ्याची वेडी. पण आनंदी. सव्वीस वर्षं मी त्यांच्यात राहिले आणि ही गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. याचा मला राग आला.

"आता तुमच्याकडचं," मुलगी म्हणाली. "आईची तब्येत?"

"ठणठणीत. एकोणऐंशी वय, अजून स्वतः भाकऱ्या करते. फक्त पूर्वी अर्धशिशीचा त्रास होता."

"किती वेळ राहायची?"

"महिना. कधी दोन."

तिचं पेन थांबलं. "एका वेळेला दोन महिने डोकं दुखायचं?"

"वर्षा-दोन वर्षांतून एकदा यायचं," मी म्हणाले. आम्हा भावंडांना ते ऋतूसारखं होतं. उन्हाळा, पावसाळा, आईचं डोकं. खोलीचं दार लोटलेलं. बाबा सकाळी कुकर लावून ऑफिसला जायचे. आम्ही शाळेतून आलो की चपला हातात घेऊन घरात शिरायचो.

"उलट्या व्हायच्या? उजेड सहन व्हायचा नाही?"

"नाही, उलट्या नाही. नुसती पडून असायची, भिंतीकडे—"

तिथे माझं वाक्य संपलं. समोर अर्धवट उघडं दार होतं आणि त्यातून लेकीची पाठ दिसत होती. मला आजपर्यंत हे दिसलं नव्हतं, यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझाही बसत नाही.

मुलगी म्हणाली, आईंना विचारता येईल का, त्यांची हरकत नसेल तर. मी स्पीकरवर फोन लावला. आई तेव्हा टीव्ही बघत होती. मी सगळं सांगून मोठ्याने विचारलं, "आई, तुझी अर्धशिशी नक्की कुठल्या बाजूला असायची गं?"

"कसली अर्धशिशी?"

"ती नाही का, डोकं दुखायचं तुझं."

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला. "डोकं नाही गं," आई म्हणाली. "ते तुझ्या बाबांनी ठरवलं होतं. लोकांना सांगायला काहीतरी पाहिजे ना. मला उठवायचंच नाही. जीव नकोसा व्हायचा. कुणाला सांगणार, आणि काय म्हणून सांगणार?" आणि मग, "पोरीचं काय म्हणतेस? तिलाही तसंच होतंय का? मला आधी सांगायचंस की."

मी म्हटलं, नंतर फोन करते. मुलीने परवानगी मागितली, मी मान हलवली, आणि तिने माझ्या आईचा गोल काळा भरला. फार वेळ लागला नाही. पेन्सिलीचे चार फराटे.  सोलापूरच्या त्या बंद दारामागे माझी आई एकटी होती आणि मी चपला हातात घेऊन बाहेर खेळायला पळत होते.

"आता तुम्ही, आंटी," मुलगी म्हणाली.

तिचे प्रश्न छापील होते. तुम्हाला आयुष्यात कधी सलग दोन आठवडे कशातच रस वाटला नाही असं झालं होतं का. झोप. भूक. आपण नालायक आहोत असं वाटणं. मी प्रत्येक प्रश्नाला "छे" म्हणाले, सवयीने. तिने वहीतून मान वर न करता पुढचा वाचला : बाळंतपणानंतर?

आता मला सरळ सांगता आलं असतं की नाही. ती पुढे गेली असती. पण दार अर्धवट उघडं होतं, आणि मघापासून आतून कुशीवर वळल्याचासुद्धा आवाज आला नव्हता. पहिली तारीख चार दिवसांवर होती. मुलगी हा कागद घेऊन निघून जाणार होती आणि आमच्या हातात काहीच राहणार नव्हतं. मला सुचलं ते एवढंच की खरं बोलावं, आणि आत ऐकू जाईल तेवढ्या आवाजात बोलावं. पण ते खरं असं होतं की ज्या एका माणसाने ते कधीच ऐकू नये असं मला चोवीस वर्षं वाटत आलं, तेच माणूस आत पडलं होतं.

"हो," मी म्हणाले. "बाळंतपणानंतर."

"किती दिवस?"

"आठ महिने."

मग मी सांगितलं. की सोलापूरला बाळंत होऊन मी बाळ घेऊन इकडे आले आणि मला बाळाबद्दल काही म्हणजे काही वाटेना. सगळे म्हणायचे किती गोड आहे, आणि मी मान डोलवायची. अंगावर पाजायचं, न्हाऊ घालायचं, सगळं मी भाड्याने आणलेल्या बाईसारखं करायचे. रडू यायचं नाही, रडू आलं असतं तर बरं झालं असतं. सासूबाई बाळाला उचलून त्यांच्या खोलीत घेऊन जायच्या. मला वाटायचं, हिसकावून नेतात. आणि मला सुटल्यासारखंही वाटायचं.

"मज ठाऊक होतें," खालून सासूबाई म्हणाल्या. त्यांनी वालावरून नजर उचलली नाही. "म्हणूनच नेत होतें. घरांत सगळ्यांस सांगितलें, सुनेस उष्णता झाली आहे."

सव्वीस वर्षांत त्या मला पहिल्यांदा आवडल्या. पण आता थांबले तर पुन्हा सुरू करता येणार नाही, म्हणून मी तशीच पुढे गेले.

"एक बेतही होता माझा," मी म्हणाले.  "रोज दुपारी मी तो मनात पक्का करायचे. बाळ सासूबाईंजवळ ठेवायचं. भाजीची पिशवी घ्यायची. सेंट्रलला जायचं, समोर जी गाडी असेल तिच्यात बसायचं आणि परत यायचं नाही."

मुलीने लिहिणं थांबवलं. आत पलंग करकरला. लेक दारात येऊन उभी राहिली. केस पिंजारलेले, तीन दिवसांचा तोच टी-शर्ट. तिने माझ्याकडे असं बघितलं जसं रस्त्यात एखाद्या अनोळखी बाईने आपल्याला नावाने हाक मारावी.

"मग गेली का नाहीस?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. सिरियलमधल्या आईला इथे चांगलं वाक्य असतं. तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला, तू माझं बोट धरलंस, असलं काहीतरी. मी आठवून बघितलं. तसं काही झालं नव्हतं.

"जायचं म्हणजे आधी अंघोळ करावी लागते गं," मी म्हणाले. "वेणी घालायची, साडी बदलायची. तेवढंच व्हायचं नाही."

 ती हसली. श्वास बिस काही नाही, खरीखुरी, खदखदून, दाराच्या चौकटीला धरून. "अंघोळ," ती म्हणाली. "अय्यो अम्मा, अंघोळ!" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि माझ्याही. संशोधक मुलगीही हसली आणि मग हसणं बरोबर आहे की नाही असा विचार करून गप्प झाली.

लेक येऊन खुर्ची ओढून बसली. मुलीच्या वहीतल्या नकाशाकडे बघत राहिली. एक काळा गोल सोलापूरचा, त्याच्या खाली एक अजून कोरा, त्याच्या खाली तिचा. तिने मधल्या गोलावर बोट ठेवलं.

"तेव्हा तुला कुणी गोळी दिली असती, तर घेतली असतीस?"

"रांगेत उभं राहून," मी म्हणाले.

तिने टेबलावरच्या तांब्यातून पाणी ओतून घेतलं, डबीतली सकाळची राहिलेली गोळी काढली आणि वरून पाणी पिऊन गिळली, आजीला आवडेल तशी. मी मुद्दाम वालाच्या टोपलीकडे बघत बसले.

"एवढी वर्षं का नाही सांगितलंस?" तिने विचारलं.

"त्यात तू होतीस म्हणून," मी म्हणाले.

"मी तर पाळण्यात होते, अम्मा," ती म्हणाली. "मी कुठे तक्रार केली?"